फुकट आणि मुक्त

माझ्या कामांच्या यादीत एक ओळ दोन वर्षे मुक्काम ठोकून होती : 'फुफीकडे जाऊन जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणे.' फुफीचे वय ऐंशीच्या पुढे. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबी गावात तिचे घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. कुणी विचारले, की माझे उत्तर ठरलेले, "वेळ कुठे मिळतो?"

ही यादी मोबाइलवरच्या एका फुकट ॲपमध्ये होती. एके सकाळी ते उघडेना. चालवणाऱ्यांनी बंद करून टाकले होते. यादी गेली, आणि फुफीने बोलता बोलता सांगितलेले ओव्यांचे पहिले शब्दही गेले. भाचा म्हणाला, "मामू, ते फुकट होतं, मुक्त नव्हतं!"

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडे घोटाळा होतो. आपल्याकडे तो व्हायचे कारण नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. असे सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरावे, आतून तपासून बदलावे, दुसऱ्याला द्यावे, बदललेलेही द्यावे, अशी चौपदरी मोकळीक त्यात असते.

भाच्याने माझ्या जुन्या संगणकावर 'ऑर्ग मोड' बसवून दिले. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ते तयार केले. ते 'ईमॅक्स' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चालते. यातली यादी म्हणजे साध्या मजकुराची फाइल. ओळीच्या आरंभी एक तारा, पुढे 'बाकी' किंवा 'झाले', मग कामाचे नाव. हे शब्द आपणच ठरवायचे. फाइल आपल्याच संगणकात राहते, इंटरनेट लागत नाही. उद्या हे सॉफ्टवेअर नसले, तरी ती दुसऱ्या कशातही उघडून वाचता येते. माझ्या पडद्यावरचा 'लोहित मराठी' हा टाइपही मुक्तच आहे.

वेळेचा हिशेबही यात होतो. कामाला बसताना एक कळ दाबायची, उठताना दुसरी. दोन्ही वेळा त्या कामाखाली लिहिल्या जातात, वजाबाकी आपोआप होते आणि महिनाअखेरीस तक्ता मिळतो. कळा लक्षात ठेवायला मला पंधरा दिवस लागले, हे कबूल करतो. शिवाय ते आपल्यावर पाळत ठेवत नाही. आपण खरे लिहिले, तरच हिशेब खरा.

पहिल्या महिन्याचा तक्ता पाहून मी गप्प झालो. चहा आणि वर्तमानपत्र एकतीस तास, इतरांच्या पुस्तकांना प्रस्तावना अकरा तास, कविता चार तास. फुफीच्या नावापुढे शून्य. वेळ नव्हता असे नाही, तो मी तिला दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. फुफी म्हणाली, "आता आलास होय बेटा? अर्ध्या विसरले मी." एक तास चाळीस मिनिटांत सात ओव्या मिळाल्या. घरी येऊन त्या फाइलीत उतरवल्या. एक प्रत भाच्याकडे दिली.

त्या ओळीपुढे 'झाले' मात्र लिहिले नाही. ती अजून 'बाकी'च आहे. दर जुम्याला नमाजनंतर मी फुफीकडे जातो.