टाय रॉड बदलला, पण काम अर्धेच!

गेल्या पावसाळ्यानंतर कल्याण-बदलापूर रस्त्याने अंबरनाथहून बदलापूरला खालाकडे जाताना, खड्डा आला की आमच्या गाडीच्या पुढच्या चाकातून ‘खट्ट’ असा आवाज येई. मिस्त्रीने गाडी उचलून खाली स्टँड लावला आणि चाक दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवले. प्ले होता. टाय रॉड एंड झिजला होता.

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या टोकाचे रबर फाटले की पाणी, चिखल आत जातो आणि सांधा झिजतो. तो निखळला तर ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. गाडीत अम्मी आणि मुले असताना हा धोका कोण घेईल?

मिस्त्रीने जुना एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजून नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवला. काम झाले असे समजून आम्ही अलाइनमेंटचे पैसे वाचवले. दोन महिन्यांत टायरची आतली कड घासून गेली! फेरे मोजणे हे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतेच असते.

म्हणून एंड बदलला की लगेच अलाइनमेंट करा. आधी चारही टायरची हवा तपासा. दुसऱ्या बाजूचा एंडही पाहून घ्या. काम झाल्यावर लॉकनट घट्ट केला का, हे विचारा. आधीचे आणि नंतरचे माप कागदावर मागा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ राहिले, तरच पैसे द्या.