बॅजर मारावेत की नाही? — गुरांचा क्षयरोग आणि वर्तुळाची भूमिती

क्षयरोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर माणूस येतो. परंतु हा रोग गुरांनाही होतो. गुरांमधील क्षयाच्या जंतूचे नाव मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. रोगी गाईच्या कच्च्या दुधातून तो माणसाच्या शरीरातही शिरू शकतो. दूध उकळले किंवा त्याचे पाश्चरीकरण केले की हे जंतू मरतात. आपल्या घरी दूध तापविल्याशिवाय वापरीत नाहीत, त्याचा हाही एक फायदा आहे.

ब्रिटनमध्ये गुरांची तपासणी करून आणि रोगी जनावरे मारून हा रोग १९६० च्या सुमारास पुष्कळ आटोक्यात आणला गेला होता. तरीही इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात तो चिवटपणे टिकून राहिला. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात एक मेलेला बॅजर सापडला. त्याच्या शरीरात हेच जंतू होते. बॅजर हा पाणमांजराच्या कुळातील, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला निशाचर प्राणी. तो बिळे करून गटागटाने राहतो आणि गुरांच्या कुरणात चरायला येतो. गुरांना रोग देणारा हाच का, असा प्रश्न उभा राहिला.

शेतकरी म्हणू लागले, "बॅजर मारा." कळपात एक जरी रोगी गाय सापडली तरी तिला मारावे लागते आणि कळपातील इतर गुरांच्या विक्रीवर व ने-आणीवर बंधने येतात. त्यांचे नुकसान खरे होते. उलट प्राणिप्रेमी म्हणत, "पुरावा दाखवा." बॅजरला तेथे कायद्याचे संरक्षण आहे. सरकारने काय करावे?

चाचणीची आखणी

१९९७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉन क्रेब्ज यांच्या समितीने सल्ला दिला, की आधी रीतसर प्रयोग करावा. त्यासाठी १९९८ मध्ये जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र शास्त्रज्ञांचा गट नेमला गेला. नामवंत संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्सही त्यात होते.

या गटाने प्रत्येकी सुमारे १०० चौरस किलोमीटरचे ३० प्रदेश निवडून त्यांची तीन-तीनची १० त्रिकुटे केली. प्रत्येक त्रिकुटातील एका प्रदेशात सर्वत्र आणि पुन:पुन्हा बॅजर मारावयाचे. दुसऱ्यात जेथे गुरांना रोग होईल त्या शेताच्या आसपासचेच मारावयाचे. आणि तिसऱ्यात एकही मारावयाचा नाही. कोणत्या प्रदेशात काय करावयाचे हे शास्त्रज्ञांनी मर्जीने ठरविले नाही, तर ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरले. तिसरा प्रदेश महत्त्वाचा आहे. काहीच न करता रोग किती वाढतो किंवा घटतो हे माहीत नसेल, तर उपायाचा परिणाम मोजणार कशाशी?

अनपेक्षित उत्तर

२००५ पर्यंत सुमारे ११,००० बॅजर मारले गेले. दुसरा प्रकार मात्र २००३ मध्येच थांबवावा लागला, कारण त्या प्रदेशांत गुरांचा रोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला! पहिल्या प्रकारात प्रदेशाच्या आत रोग सुमारे २३ टक्क्यांनी घटला. परंतु सीमेबाहेर २ किलोमीटरच्या पट्ट्यात तो सुमारे २५ टक्क्यांनी वाढला.

असे का व्हावे? बॅजरांचा प्रत्येक गट आपापली हद्द सांभाळून असतो. काही बॅजर मारले की या हद्दी मोडतात. उरलेले बॅजर दूरवर भटकू लागतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही फिरतात.

थोडे गणित

आता वही-पेन्सिल घ्या. सोयीसाठी प्रदेश वर्तुळाकार समजू आणि दर चौरस किलोमीटरला एक रोगी कळप आहे असे मानू.

१०० चौरस किलोमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या ५.६४ किलोमीटर. त्याभोवतीच्या २ किलोमीटर रुंद कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर भरते. आतील घट २३ कळप. बाहेरील वाढ ८३ चे २५ टक्के, म्हणजे सुमारे २१ कळप. निव्वळ फायदा दोन कळपांचा!

आता त्रिज्या तिप्पट करा. क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे ९०० चौरस किलोमीटर होईल. परीघ मात्र तिप्पटच वाढेल, म्हणून कड्याचे क्षेत्रफळ सुमारे २२५ चौरस किलोमीटरच भरेल. घट २०७ कळपांची, वाढ ५६ ची. फायदा १५१ कळपांचा.

क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, परीघ त्रिज्येच्या प्रमाणात. सगळा वाद या शाळकरी नियमाभोवती फिरत होता.

आकडे तेच, सल्ले दोन

जून २००७ मध्ये बोर्न यांच्या गटाने सांगितले, की बॅजर मारून रोगनियंत्रणाला अर्थपूर्ण मदत होणार नाही. गुरांची तपासणी आणि ने-आण यांवरच भर द्यावा. तपासणीतून काही रोगी गुरे निसटतात आणि ती इतर गुरांना रोग देतात. त्याच वर्षी सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी मात्र म्हटले, की मोठ्या प्रदेशात बॅजर मारल्यास उपयोग होऊ शकेल.

मग एक बाजू चुकली का? तसे नाही. बोर्न यांच्या गटाने खर्च आणि व्यवहार्यताही विचारात घेतली होती. किंग यांनी ती बाजूला ठेवली होती. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. विज्ञान घट किती आणि वाढ किती हे सांगते. त्या घटीसाठी किती पैसा आणि किती प्राणी खर्ची घालावयाचे, हे समाजाने ठरवावयाचे असते. २००८ मध्ये सरकारने बॅजर न मारण्याचे ठरविले, २०१३ मध्ये मारण्यास सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने हे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले.

सल्लागाराचे काम एवढेच, की आकडा सरकारला आवडो वा न आवडो, तो जसा आहे तसा पुढे ठेवावा. सीमेबाहेरची वाढ कोणी मोजलीच नसती, तर २३ टक्क्यांचे यश सर्वांनी आनंदाने मान्य केले असते.

तुमच्यासाठी उदाहरण : प्रदेश ४०० चौरस किलोमीटरचा असेल तर कड्याचे क्षेत्रफळ किती आणि निव्वळ फायदा किती कळपांचा? (उत्तर : सुमारे १५४ चौरस किलोमीटर, सुमारे ५३ कळप.)