माळरान म्हणजे उजाडलेले वन नव्हे

हवामान आणि मृदा यांच्या मेळातून एखाद्या विस्तीर्ण प्रदेशात जी वैशिष्ट्यपूर्ण वनस्पती व प्राणिसृष्टी नांदते, तिला जीवसंहती म्हणतात. प्रत्येक जीवसंहतीची परिणती अखेर घनदाट अरण्यातच व्हायची, असा एक समज रूढ असून हिरवाई दाट तेथे जमीन सुपीक, हा त्याचाच जोडसमज होय. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील बहुतांश मृदा मात्र अतिवृष्टीत पोषकद्रव्ये वाहून गेल्याने निःसत्त्व झालेली आहे. पोषकद्रव्यांचा मोठा वाटा जिवंत झाडांतच साठलेला असतो, म्हणून जंगल तोडून केलेली शेती काही वर्षांतच पीक देईनाशी होते.

सॅव्हानाबाबतचा, म्हणजे विरळ झाडे असलेल्या उष्ण गवताळ प्रदेशाबाबतचा, गैरसमज अधिक खोल आहे. कुऱ्हाड, वणवा आणि गुरे यांनी मूळ वन नष्ट केल्यावर उरते ते माळरान, असे सर्रास मानले जाते. वास्तविक येथील बहुतेक गवते सी-४ प्रकारची आहेत; म्हणजे ती कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटून मग वापरतात, त्यामुळे कडक ऊन व अपुरे पाणी यांत तग धरतात, परंतु दाट सावलीत खुरटतात. अशा गवतांचा मोठा प्रसार सुमारे 80 ते 50 लाख वर्षांपूर्वी, शेतीच्या कितीतरी आधी झाला. त्यांचे अंकुर जमिनीलगत असल्याने आग वा चराई यांनंतर ती पुन्हा फुटतात. ब्राझीलच्या सेराडो प्रदेशात तर अनेक झुडपांचे जमिनीखालचे अंग वरच्यापेक्षा मोठे असते.

दख्खनच्या पर्जन्यछायेत पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आणि हिवर, बोर यांसारखी काटेरी झाडे याच सॅव्हाना जीवसंहतीची असूनही सरकारी नोंदींत अशा जमिनीवर बहुधा ‘पडीक’ असा शिक्का बसतो आणि तेथे गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड होते, जी सद्हेतूने केलेली असली तरी गवताच्या मुळावरच येते. माळढोक व तणमोर या पक्ष्यांना तर मोकळे माळच लागतात.

अर्थात, प्रत्येक गवताळ जमीन प्राचीन नसते. सह्याद्रीत काही ठिकाणी ती जंगलतोडीनंतरच आलेली आहे. दोहोंतील फरक बहुवर्षायू गवते आणि कंदयुक्त वनस्पती यांच्या विविधतेवरून ओळखू येतो, कारण जुने माळ एकदा नांगरले की ही विविधता भरून यायला अनेक दशके, कधी शतकेही लागतात.