रेमोची स्कूटर आणि आपली रोवण्याची गाणी

‘बॉम्बे’ चित्रपटातलं हम्मा हम्मा गाणं तुम्ही वरातीत नक्की ऐकलं असेल. हिंदीत ते गायलं गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी. पण आज त्यांची आठवण काढायची ती सिनेमासाठी नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९८४ मध्ये, त्यांनी शिवोली गावात, आपल्या घरातच ‘गोअन क्रेझी’ नावाची कॅसेट तयार केली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्यंही त्यांनीच वाजवली. वरचं चित्र त्यांनीच काढलं आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन कॅसेट विकलीही त्यांनीच. मध्ये कंपनी नाही. यालाच शहरात ‘इंडी’ गायक म्हणतात.

एकट्या माणसाने इतके आवाज कसे काढले? त्यांच्याकडे चार पट्ट्यांचं टेप मशीन होतं. एका पट्टीवर गिटार भरायची, ती ऐकत दुसरीवर ताल, मग गळा, मग परत आपलाच गळा. एकाच माणसाचे दोन-तीन आवाज एकमेकांवर बसले की गाणं दुरून, झोपेत ऐकल्यासारखं लागतं. आज हे काम साध्या मोबाइलमध्ये होतं.

त्यांच्या गाण्यांत लॅटिन ठेकाही सापडतो. लॅटिन म्हणजे क्युबा, ब्राझील या बाजूचा. तिकडे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचा ताल आणि स्पेन-पोर्तुगालची गिटार यांतून तो घडला. करून बघा: एक ते आठ मोजा आणि एक, चार, सात या आकड्यांवर जोरात टाळी द्या. कंबर आपोआप हलते! गोव्यात पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होतं. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. तीच पोरं पुढे मुंबईच्या बँडमध्ये आणि सिनेमात गेली. आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी आठवा. त्यांत गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते. म्हणजे हा ठेका आपल्या कानाला परका नाहीच.

आता आपलं बघू. नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांत पावसाळ्यात रोवणा लागला की बांधीत गाणी उठतात. जुन्या चालीवर आपली एखादी बाई नवी ओळ टाकते, सगळ्या हसतात, आणि ओळ तिथंच चिखलात राहते. पाहुणा आला तर मोबाइलवर गाणं भरून नेतो. पुढे ते कुठंतरी वाजतं, पण गाणारीचं नाव त्यावर नसतं. मला हे खटकतं.

कायदा काय म्हणतो, नीट ऐका. परंपरेचं गाणं सगळ्यांचं असतं. पण तुम्ही रचलेली ओळ लिहिली किंवा मोबाइलवर भरली की तिचा हक्क तुमचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. जुनं गाणं म्हटलं तरी गाणारीचा वेगळा हक्क असतो, पन्नास वर्षांचा. तिच्या संमतीशिवाय तिचा आवाज भरून विकता येत नाही. म्हणून पाच-पन्नास रुपये हातात ठेवून कोणी कागदावर अंगठा मागितला, तर आधी गटात वाचून घ्या.

नाव जपून काम करणारेही आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपलेलं आहे.

या रोवण्यात गटातल्या एकीचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवा. गाण्याआधी तारीख, गाव, गाणाऱ्यांची नावं आणि नवी ओळ कोणाची, ते मोठ्याने बोला. मग सुरू करा.