खोकला लपवू नका, गोळ्या सोडू नका

पहूर असो की शेजारची खेडी, घरात टी.बी. निघाला की आधी ताट वेगळे होते. सुनेला झाला तर तिची रवानगी थेट माहेरी! आम्ही मायबहिणींना विचारतो, ताट वेगळे केल्याने हा रोग थांबतो का? मुळीच नाही. क्षयाचे जंतू भांड्यांतून नव्हे, रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून हवेत पसरतात. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल धरावा, घराची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वय अवघे २१! रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जंतू शोधला होता, पण औषध नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काही दिसले तर बेडका तपासून घ्यावा. साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. पण दोन महिन्यांत बरे वाटते, मजुरी बुडते म्हणून गोळ्या सुटतात, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उपचार चालू असताना सकस आहारासाठी सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. तेही मागून घ्यावेत. घरातील लहान मुलांचीही तपासणी करावी.

आजारी पडण्यात लाज कसली? सुनेला माहेरी धाडू नका, दवाखान्यात न्या.