फोटो ‘रिमूव्ह’ का होत नाही?

वाईत ढोल्या गणपतीसमोर फोटो काढला, हे सांगताना मराठी शाळेतला मुलगा इंग्रजीत ‘रिमूव्ह्ड अ फोटो’ लिहितो आणि लगेच निदान होते: शब्दसंग्रह कच्चा. पण रिमूव्ह त्याला येतो, फोटोही येतो. ठाऊक नसते ती या शब्दांची सोयरीक. आपण ‘काढणे’ या एका क्रियापदावर किती कामे लादतो पाहा. चित्र, कर्ज, विषय, आठवण, म्हशीचे दूध, परीक्षेत नव्वद मार्क, सगळे काढायचेच! इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात, चित्र ‘ड्रॉ’, विषय ‘रेज’, मार्क ‘स्कोअर’; म्हशीसाठी तर ‘मिल्क’ हेच क्रियापद.

व्याकरण बरोबर म्हणजे वाक्य बरोबर, हाही एक समज. ‘स्ट्राँग रेन’मध्ये व्याकरणाची चूक कुठे आहे? तरी पाऊस ‘हेवी’च, आणि वारा मात्र ‘स्ट्राँग’. याला नियम शोधत बसू नये. आपण तरी लालभडक, पिवळेधमक म्हणतो. ‘लालगार’ किंवा ‘पिवळेकुट्ट’ का नाही, हे कोणत्या गुरुजींनी शिकवले होते?

मग खापर मराठी माध्यमावर फुटते. पण भाषाभ्यासक नाद्या नेसेलहाउफ यांनी २००३ मध्ये जर्मन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांचा अभ्यास मांडला. जर्मन ही तर इंग्रजीची सख्खी बहीण, विद्यार्थीही चांगले तयारीचे. तरी अशा चुका होत्याच, आणि मातृभाषेची छाया दिसली ती सुमारे निम्म्या चुकांत. जपानी मुलांचीही हीच अडचण. म्हणून तिथे इंग्रजी अध्यापनाचे काम करणाऱ्या हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोत १९३३ मध्ये अशा शब्दजोड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षे वाढली म्हणून जोड्या आपोआप पाठ होत नाहीत, त्या मुद्दाम टिपाव्या लागतात.

‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ची मात्र उगाच थट्टा होते. ब्रिटिश इंग्रजीत परीक्षा शिक्षक ‘गिव्ह’ करतात आणि विद्यार्थी ‘टेक’. पण भारतभर विद्यार्थीच परीक्षा ‘गिव्ह’ करतात, आणि सगळ्यांना कळते. परदेशी जायच्या परीक्षेत तेवढे ‘टेक’ लिहावे. वहीत ‘एक्झाम म्हणजे परीक्षा’ एवढ्यावर न थांबता शेजारी टेक, पास, फेल हेही लिहावेत. २००२ मध्ये आलेल्या ऑक्सफर्डच्या शब्दजोड्यांच्या कोशात नामाखाली क्रियापदे अशीच दिलेली असतात.