चित्रहार, चॅनेल व्ही आणि मधला डोंगर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! विषय मात्र अगदी घरगुती आहे. आमची आई भोरची आणि बाबा वेल्ह्याचे. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण घरात अजून वेल्हंच.) जुनं गाणं लागलं की दोघांचं भांडण ठरलेलं. बाबा म्हणतात, गाणी बघावीत ती चित्रहारमध्ये. आई म्हणते, चॅनेल व्हीवर!

चित्रहार म्हणजे दूरदर्शनवर अर्धा तास, मोजकी सिनेमाची गाणी. आपलं आवडतं लागलं तर नशीब, नाहीतर पुढच्या वेळेपर्यंत वाट बघा. चॅनेल व्ही आलं 1994 मध्ये, एमटीव्ही इंडिया 1996 मध्ये. तिथे दिवसभर गाणी, अर्धं इंग्लिश अर्धं हिंदी बडबडणारे व्हीजे, आणि सिनेमात नसलेलीसुद्धा गाणी. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' 1995 चं. आईला ते अजून स्टेप्ससकट येतं!

आता प्रश्न असा, की एकाच जिल्ह्यात ही दोन जगं कशी? मी ई अँड टीसीची, म्हणून सांगते. आवड वगैरे नंतर, आधी डोंगर! दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि सिंहगड ते वेल्हे यांच्या मध्ये पाबे घाटाची रांग आडवी. कड्यावरून थोडा सिग्नल वाकून खाली उतरतो, पण अशक्त. म्हणून पडद्यावर मुंग्या, आणि बाबा कौलांवर अँटेना फिरवत, "आलं का? आलं का?"

उपग्रह मात्र 36,000 किलोमीटर वर. आमच्याकडून तो आकाशात इतका उंच दिसतो की डोंगर आड येत नाही. मग वेल्ह्यात केबल का नाही? कारण वायरमध्येही सिग्नल कमी होत जातो, दर थोड्या अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर लागतो. भोरच्या आळीत घराला घर लागून, तिथे केबलवाल्याला परवडतं. वाडीतल्या विखुरलेल्या दहा घरांसाठी कोण वायर ओढणार?

2002 साली आई लग्न होऊन वेल्ह्याला आली आणि तिचं चॅनेल व्ही सुटलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी तिसरीत असताना आमच्याकडे डीटीएचची छत्री बसली. आईने रिमोट घेऊन पहिलं चॅनेल व्ही शोधलं. तोपर्यंत तिथे कॉलेजच्या मालिका सुरू झाल्या होत्या! थोडा वेळ बघून तिने रिमोट बाबांकडे दिला. पुढे पुन्हा गाणी आली म्हणे, पण तिने काही परत लावलं नाही. 2021 मध्ये ते चॅनेलच बंद झालं.

आता दोघं आपापल्या मोबाईलवर आपापली गाणी बघतात. अँटेनाचा पाईप अजून कौलांवर आहे. काढायला बाबा तयार नाहीत, आणि आई त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधते.